साडेदहा ते साडेतीन

गुयाव, ग्रेनाडा
५ फेब्रुवारी २००१

मिस यूफिमिया बेडो यांस,
सप्रेम नमस्कार.

ओळख ना पाळख, तेव्हा पाकीट दोनदा उलटून पाहिलं असेलच. ताकाला येऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. माझं नाव इस्मे पिएर. गुयावच्या जायफळाच्या वखारीत चाळीस वर्षं जायफळं निवडली, आता घरी असते आणि म्हाताऱ्या आईचं करते. तुमचे वडील कॅप्टन फेलिशियन बेडो हे माझेही वडील. हे तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल, पण तुमच्या कारियाकू बेटावर झाकलं काही राहत नाही असं ऐकून आहे. मला तुमच्याकडून घर नको, जमीन नको, आडनावसुद्धा नको. मला एका स्वप्नाचा अर्थ हवा आहे.

गेल्या महिन्यात तेच स्वप्न मला तीनदा पडलं. वखारीच्या दारात एक उंच म्हातारा उभा आहे, विजार गुडघ्यापर्यंत वळलेली आणि पाय ओलेचिंब. मला म्हणतो की पाय गारठले, टेकायला काही नाही, मला उभं करा आणि जेवू घाला. मी त्यांना पाहिलं तेव्हा चार वर्षांची होते, पण स्वप्नात बघताक्षणी ओळखलं. पहिल्या वेळी वाटलं की रात्री तळलेला मासा जास्त झाला. दुसऱ्या वेळी मासा खाल्लाच नव्हता.

आमच्या बाजारात तुमच्या गावची डेल्सी तुरीच्या शेंगा विकायला येते. तिला सहज सांगितलं, तर तिच्या हातातलं माप खाली पडलं. म्हणाली की हे अपचन नव्हे, हे दगडाचं काम आहे, लेस्तेरला थोरल्या मुलीला कळव. कसला दगड ते मात्र सांगेना. पत्र तिच्याच हाती देते आहे. रागावलात तरी चालेल, पण उत्तर द्या, कारण मला चैन पडत नाही. लोभ असण्याचं काही कारण नाही, तरी मनात किल्मिष नसावं.

आपली,
इस्मे पिएर


लेस्तेर, कारियाकू
११ फेब्रुवारी

इस्मे हिस आशीर्वाद.

तुझं पत्र डेल्सीने दिलं. तिने ते वाचलं नाही असं ती म्हणते, पण मी पाकीट फोडत असताना तिला मजकूर पाठ होता. तू कोण ते मला ठाऊक आहे. आमच्या आईने मरेपर्यंत गुयावचं नाव घरात घेऊ दिलं नाही, म्हणून तर जास्तच ठाऊक आहे.

दगडाचं सांगते. तुम्हा ग्रेनाडावाल्यांना रीत कशी माहीत असणार, तुम्ही माणूस पुरता आणि घरी येऊन चहा पिता. आमच्याकडे मेल्यावर लगेच थडग्यावर दगड उभा करत नाहीत. दगड आणून घरात ठेवतात आणि वाट पाहतात. मेलेला माणूस आपल्या माणसाच्या स्वप्नात येऊन मागतो की आता मला उभं करा. मग जेवण घालायचं, ढोल वाजवायचा, थडग्यावर पाणी आणि रम शिंपडायची. पहिलं पाणी थोरल्या अपत्याने, मग बाकीच्यांनी. बाबांचा दगड अकरा वर्षं माझ्या खांबांवरच्या घराखाली चादर पांघरून पडून आहे. कोंबड्या त्याच्या आडोशाला अंडी घालतात. लोक विचारून विचारून थकले. बाबांनी मागितलं नाही, मी काय करू.

आणि आता तू सांगतेस की तुझ्याकडे मागितलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं कुणी म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. मी त्यांना शेवटची सात वर्षं चमच्याने भरवलं आहे. माझ्या घरासमोरून जाऊन ते समुद्र ओलांडून तुझ्या वखारीत कशाला येतील? माणसं काहीही स्वप्नं पाहतात. खरंच पाहिलं असशील तर सांग, त्यांचे हात कसे होते?

उत्तर दिलंस तर वाचीन.

यूफिमिया बेडो


गुयाव
१६ फेब्रुवारी

मिस यूफिमिया यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तीन वेळा राग आला, चौथ्यांदा कोंबड्यांचं वाचून हसू आलं.

हातांचं विचारलंत आणि मी विचारात पडले. कारण तिन्ही वेळा मला एकच हात दिसला. डावा पुढे, त्यात टोपी. उजवा त्यांनी पाठीमागे धरला होता, काही लपवल्यासारखा. शाळेत मास्तरांसमोर पोरं उभी राहतात ना, तसे. मला वाटलं की मागे माझ्यासाठी खाऊ आहे. पासष्टीला आलेल्या बाईला असं वाटावं याची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

आता माझे प्रश्न. तुम्ही एक विचारलात, मी चार विचारते, कारण साठ वर्षांचे साठले आहेत. ते मोठ्याने हसायचे का? जेवताना बोलायचे का? आमच्या घरात कुणालाच शीळ घालता येत नाही आणि मला येते, ती त्यांची का? आणि शेवटचा, रागावू नका: गुयावचं नाव ते स्वतः कधी घ्यायचे का?

आईला मी सगळं सांगितलं. ती अठ्ठ्याऐंशीची आहे, पाय गेले पण जीभ शाबूत. म्हणाली की परत स्वप्नात आला तर विचार, चाळीस साली माझी छत्री घेऊन बोटीवर चढला ती कुठे आहे. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली.

एक गोष्ट राहिली. तुम्ही मला आशीर्वाद पाठवलात, तो डोक्यावर घेतला, आशीर्वाद कुणाचाही वाया जात नाही. पण मी ऑगस्ट छत्तीसची. तुमचं साल कोणतं?

पत्राची वाट मी पाहतेच, आता आईसुद्धा पाहते.

इस्मे


लेस्तेर
२३ फेब्रुवारी

इस्मे हिस,

पाच दिवस पत्र लिहायला घेत होते आणि ठेवत होते. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं शिडाच्या दोरात सापडून तुटली होती. तेव्हापासून फोटोत, चर्चमध्ये, परक्या माणसासमोर ते तो हात पाठीमागे धरायचे. फक्त घरात पुढे करायचे. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण डेल्सीचा जन्मही नव्हता आणि तुझ्या आईने पाहिलं तेव्हा बोटं शाबूत होती. म्हणजे आले होते ते तेच. मी खुर्चीत बसले ती भात करपेपर्यंत उठले नाही.

तुझे प्रश्न. हसायचे, पण आवाज न करता, खांदे हलायचे. जेवताना बोललेलं खपत नसे. शीळ त्यांचीच, वारा पडला की बोटीवर घालायचे, घरात घातली की आई ओरडायची. चौथ्याचं उत्तर देत नाही.

तर आता दगड उभा करायला हवा. शनिवार, चोवीस मार्च धरला आहे. माझे दोघे धाकटे भाऊ ब्रुकलिनहून येतील. स्वप्न तुला पडलं, तेव्हा तू नसून चालणार नाही, हे बाबांचे भाऊ कथबर्टकाका ठणकावून सांगतात. ते पंच्याऐंशीचे आहेत आणि रीतीच्या बाबतीत पाद्र्यालाही ऐकत नाहीत. शुक्रवारी ये आणि रविवारी जा. ढोल शनिवारी संध्याकाळी सुरू होतो. मेलेल्यांचं ताट वेगळ्या खोलीत रात्रभर झाकून ठेवतात, ते सकाळी उघडायचं असतं.

बोटीचं ऐक. नवी बोट वेगाने जाते, दीड तासात इकडे येते, पण मध्ये पाण्याखालचा ज्वालामुखी आहे तिथे समुद्र कणीक तिंबावी तसा माणसाला तिंबतो. वर बसू नकोस, खाली मागच्या बाजूला बस. सकाळी कोरडा पाव खा, चहा पिऊ नकोस. आल्याचा तुकडा दाताखाली धर. खिडकीतून लाटांकडे बघू नकोस, दूरच्या बेटाकडे बघ. जन्मभर कोळ्यांच्या गावात राहूनही तू बोटीत बसलेली नसशील असा माझा अंदाज आहे.

साल विचारलंस. जुने कागद वादळात भिजले.

यूफिमिया


गुयाव
१ मार्च

मिस यूफिमिया यांस,
सप्रेम नमस्कार.

अंदाज बरोबर. समुद्र मला आमच्या दारातून दिसतो तेवढा पुरे होता. आता मात्र रोज सकाळी धक्क्यावर जाऊन बघते की लाट कशी येते. कोळी विचारतात की मिस इस्मे, मासे धरायला निघालीस की नवरा धरायला.

पण तुमचा शुक्रवार ते रविवार माझ्या नशिबी नाही. आईला रात्री तीनदा कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठ फुटते. ते माझ्याशिवाय कुणाला करू देत नाही. शेजारीण दिवसभर बसेल, पण संध्याकाळी सातपर्यंतच, तिची स्वतःची नातवंडं आहेत. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सकाळी साडेसहाची बस, सेंट जॉर्जेसला पावणेआठ, नऊची बोट, तुमच्या हिल्सबरोच्या धक्क्याला साडेदहा. परतीची बोट साडेतीनची. म्हणजे माझ्या हाती पाच तास. पाच तासांत बाप भेटवता आला तर बघा.

मी तुमची रीत मोडायला सांगत नाही. ढोल संध्याकाळी वाजू दे, ताट रात्रभर झाकलेलं राहू दे, ते मी मनाने पाहीन. फक्त दगड उभा होताना मला तिथे असू द्या. मला तो दगड बघायचा आहे, त्याच्यावर हात ठेवून बघायचा आहे की गार असतो की ऊन. काय नेसून यायचं? पांढरं की काळं? हातात काय आणायचं? जायफळ, जायपत्री भरपूर आणू शकते, पण ते तुमच्या जेवणात चालतं का?

आणि मनातलं विचारूनच टाकते. त्या दिवशी मी कुठे उभी राहायचं? मुलांमध्ये की गावातल्या लोकांमध्ये? आधी सांगितलंत तर बरं. तिथे आल्यावर चार लोकांसमोर कुणी खांद्याला धरून बाजूला केलं, तर परतीची बोट साडेतीनची आहे, तोवर तोंड लपवायला मला तुमच्या गावात जागा नाही.

माया वाढो, निदान आटू नये.

इस्मे


लेस्तेर
७ मार्च

इस्मे हिस,

कथबर्टकाकांना वेळेचं सांगितलं. वाटलं होतं की काठी उगारतील. ते थोडा वेळ कान खाजवत बसले, मग म्हणाले की मेलेल्याला घड्याळ नसतं, बोटीला असतं, तेव्हा मेलेल्याने थांबावं. ठरलं. दगड दुपारी बारा वाजता उभा करायचा, ढोल त्याच वेळी एकदा वाजवायचा आणि संध्याकाळी पुन्हा. जेवण एकला. बकरा, भात, मक्याच्या पिठाचे गोळे, शंखाच्या मांसाचा रस्सा. जायफळ आण, आमच्या बायका फुकटचं काहीही चालवून घेतात. पांढरं नेस. डोक्याला रुमाल बांध, आमचं ऊन तुमच्यासारखं झाडाझुडपांतून गाळून येत नाही. धक्क्यावर डेल्सी तुला घ्यायला येईल.

उभं राहण्याचं. थडग्याजवळ मुलं वयाप्रमाणे रांगेत उभी राहतात. पुढे मी, मग माझे भाऊ. पहिलं पाणी थोरलीचं, ते मी घालणार, हे अकरा वर्षं गावाला ठाऊक आहे. तू डेल्सीजवळ उभी राहा. तिथे बदामाच्या झाडाची सावली असते.

घरातलं मोठं माणूस म्हणून माझ्यावर चार माणसांची जबाबदारी आहे, हे तू समजून घेशील.

यूफिमिया


गुयाव
१२ मार्च

मिस यूफिमिया यांस,
नमस्कार.

समजले. सावलीबद्दल आभार.

खोटं लिहीत नाही, वाईट वाटलं. पत्र वाचून मी मागच्या अंगणात गेले आणि काही कारण नसताना कोंबड्यांवर ओरडले. मग वाटलं की मी स्वतःच लिहिलं होतं की आडनावसुद्धा नको. ते लिहिताना खरं होतं, आता राहिलं नाही. सहा पत्रांत माणूस इतकं बदलतं हे मला ठाऊक नव्हतं.

तरी मी येणार. तिकीट काढलं आहे. डेल्सीजवळ उभी राहीन, पाणी घालणार नाही, तोंडातून शब्द काढणार नाही. तुम्ही त्यांना सात वर्षं भरवलंत, मी एक घाससुद्धा दिला नाही, तेव्हा पुढचा मान तुमचा. हे मी मनापासून म्हणते.

पण एक कोडं सुटत नाही आणि ते तुमच्याशिवाय कुणाला विचारणार? ज्या माणसाने जागेपणी पन्नास वर्षांत मला दोन ओळी धाडल्या नाहीत, त्याला मेल्यावर मीच का सापडले? घराखाली दगड, घरात लाडकी लेक, आणि हा माणूस ओल्या पायांनी इतका लांब का आला? मी आईला विचारलं. ती म्हणाली की पुरुष दुसऱ्या दारी तेव्हाच जातो जेव्हा पहिलं दार लागलेलं असतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक आहे. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, जायफळासारखं थोडंच घ्यावं लागतं.

उत्तर नसेल तर नसू दे. चोवीसला भेटूच.

इस्मे


लेस्तेर
१७ मार्च

इस्मे,

तुझ्या आईने बसल्या जागेवरून जे ओळखलं, ते या गावात कुणाला ओळखता आलं नाही.

बाबा माझ्याकडे आले होते. नऊ वर्षांपूर्वी, एकाच आठवड्यात तीन वेळा. असेच, विजार वळलेली, पाय ओले. मला आनंद झाला, मी म्हटलं की बाबा, उद्याच जेवण घालते. तर त्यांनी मान हलवली. म्हणाले की थोरलीला बोलाव, पाणी तिने घालायचं. मी म्हटलं की बाबा, मी ही इथे उभी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप मायेने पाहिलं, आणि पुन्हा म्हणाले की गुयावला जा, थोरलीला घेऊन ये. तिन्ही वेळा तेच.

मी सकाळी उठून कोंबड्यांना दाणे टाकले आणि कुणाला काही सांगितलं नाही. नऊ वर्षं लोकांना सांगत आले की बाबांनी मागितलं नाही. कथबर्टकाका माझ्यासमोर रडले आहेत की भाऊ आपल्यावर का रुसला, आणि मी त्यांना फक्त पाणी आणून दिलं. मी सात वर्षं त्यांची लाळ पुसली, इस्मे. मला वाटलं की एवढ्यावर तरी थोरली मीच. माझं जन्मसाल अडतीस. कागद भिजलेले नाहीत, कपाटात आहेत. पहिल्याच पत्रात तुला आशीर्वाद लिहिला तो जाणूनबुजून. तू धाकटी असतीस तर सगळं सोपं होतं.

तुझ्या चौथ्या प्रश्नाचंही उत्तर देते. आई गेल्यावर शेवटच्या दिवसांत ते गुयावचं नाव घ्यायचे. रोज घ्यायचे. मी ऐकू न आल्यासारखं करायचे.

हे सगळं मी काल कथबर्टकाकांना आणि फोनवर भावांना सांगितलं. काका उठून घराखाली गेले आणि दगडावरची चादर काढून झटकत बसले. तू आता यावंस असं म्हणण्याचं तोंड मला नाही. पण तू आली नाहीस तर तो दगड मी उभा करणार नाही, आणि माझे भाऊही करणार नाहीत. डेल्सी उभी आहे, बोट सुटेल म्हणून पत्र इथेच थांबवते.

यूफिमिया


गुयाव
२० मार्च

चि. फीमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की तुझ्या बहिणीला सांग, मीसुद्धा त्याच्या बायकोचं पत्र एकदा चुलीत घातलं होतं. काय लिहिलं होतं ते तिला आता आठवत नाही.

मी मात्र रागावले आहे. माझ्यावरून नव्हे, माझी पन्नास वर्षं गेलीच होती, त्यात आणखी नऊ. त्या म्हाताऱ्या माणसाला तू नऊ वर्षं ओल्या पायांनी उभं ठेवलंस. हे मी तुला तोंडावर बोलणार आहे, एकदाच बोलणार, आणि नंतर आपल्या घरात कुणी ते काढायचं नाही.

आता काय करायचं ते नीट वाच. थडग्याजवळ पुढे मी उभी राहीन. पहिलं पाणी मी घालीन, त्यांनी मागितलं आहे तसं. सोडून देण्याचा मोठेपणा मी करणार नाही, मला तो मान हवा आहे. पण किती पाणी घालायचं, हात कसा धरायचा, काय म्हणायचं, हे मला काहीच ठाऊक नाही. तेव्हा तू माझ्या शेजारी उभी राहशील, मागे नाही, आणि मला सांगशील. रम तू घाल. तुझ्या हातची त्यांना सवय आहे.

जेवणानंतर मला ती सात वर्षं सांग. काय खायचे, काय टाकायचे, कशावर चिडायचे, सगळं. मी साडेतीनला निघते, तेव्हा पाल्हाळ लावू नकोस.

शनिवारी साडेदहाला धक्क्यावर डेल्सीला पाठवू नकोस, तू ये. बोटीतून उतरताना माझा अवतार कसा असेल देव जाणे, हसलीस तर लक्षात ठेवीन. आणि रडू नकोस. रडलीस तर भर धक्क्यावर थोबाडीत देईन, तो माझा अधिकार आहे.

तुझी ताई,
इस्मे